नागपूर सोडताना घेतलेले दोन लाकडी बैल

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या आसपास पोळ्याच्या आधी लाकडी बैलांची दुकानं फुटपाथवर मांडली जातात. त्यातल्या एका सुतारभाऊंकडून आम्ही यंदा दोन बैल घेतले. एक सागवानाचा, फूटभर उंच, १,८०० रुपयांचा, सात वर्षांच्या मुलीसाठी. दुसरा हलक्या लाकडाचा, वीतभर, ४०० रुपयांचा, चार वर्षांच्या मुलासाठी. तेव्हापासून दोन्ही बैल रोज वापरात आहेत. ओढले गेले, आपटले गेले, पावसात भिजले, रात्री पांघरुणात झोपले. त्यामुळे आता त्यांच्याबद्दल खात्रीनं लिहिता येतं.

लिहायचं दुसरंही कारण आहे. या महिनाअखेरीस आम्ही नागपूर सोडतो आहोत. नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि माझी दोन्ही मुलं याच शहरात जन्मलेली. घर बदलण्याची तयारी कशी करायची हे सगळे सांगतात, पण एवढ्या लहान मुलांनी शहराचा निरोप कसा घ्यायचा हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे ते काम या बैलांनी केलं. ते कसं, ते पुढे सांगते. आधी बैल कसा निवडायचा ते, कारण चुकीचा बैल असेल तर तो चार घरंसुद्धा चालत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. श्रावणी अमावस्येला पोळा, त्या दिवशी खऱ्या बैलांचा मान. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, तान्हा पोळा. हा मुलांचा. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून मैदानात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकात बांधलेली कवनं, म्हटल्या जातात, 'हर बोला हर हर महादेव' होतं, आणि तोरण तुटलं की मुलं आपापला बैल घेऊन दारोदार निघतात. प्रत्येक दारी बैलाची पूजा होते, मुलाला कुंकू लागतं आणि हातात बोजारा पडतो. बोजारा म्हणजे पैसे, कधी खाऊ, कधी पेन्सिल. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं नागपुरात सांगतात. वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या बैलांसाठी प्रसिद्ध आहे. यंदा (२०२५) पोळा २२ ऑगस्टला होता, तान्हा पोळा २३ ला, शनिवारी.

आम्ही गेलो तेव्हा महालात पाय ठेवायला जागा नव्हती. चितारओळीत गणपती रंगवणं सुरू होतं, इकडे बैल. आम्ही ज्यांच्याकडे थांबलो त्या भाऊंच्या पथारीला पाटी नाही, नाव नाही, बिलही नाही. वर निळी ताडपत्री, खाली पोत्यावर ओळीनं बैल, मागे ते स्वतः पटाशी घेऊन एका बैलाचा कान कोरत बसलेले. मी नेहमीसारखी डोळे छान रंगवलेला बैल उचलला तर म्हणाले, "ताई, रंग नका पाहू. रंग मी उद्याही मारून देतो. उलटा करून पाहा."

उलटा करून पाहिल्यावर खरोखर सगळं कळतं. खालची पाटी रंगवलेली नसते, तिथे लाकडाच्या रेषा दिसतात. सागवान असेल तर रेषा गडद, वजन हाताला जाणवतं आणि तेलकट असा वास येतो. चाकांचा आस लोखंडी सळईचा आहे की खिळे ठोकून काम भागवलं आहे, तेही तिथेच दिसतं. खिळ्यांचा असेल तर खिळ्याची टोकं पाटीतून वर आली आहेत का ते बोटानं चाचपून घ्या, कारण लहान मूल पहिल्यांदा तिथेच बोट घालतं. पायांच्या सांध्यात लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तर ती पाहून घ्या. थोडी असते, सगळेच भरतात, पण अंगाला पाय चिकटवायला लांबीच वापरली असेल तर तो बैल मैदानापर्यंत जाईल, घरी परत येणार नाही.

दुसरी गोष्ट भाऊंनीच दाखवली आणि मला ती आधी माहीत नव्हती. दोरी बैलाच्या गळ्याला किंवा वेसणीला बांधलेली असेल तर वळणावर बैल तोंडावर पडतो. दोरी खालच्या पाटीला, पुढच्या चाकांच्या मध्ये बांधलेली हवी, वेसण शोभेची. दोरीची लांबीही त्यांनी मुलं पाहून ठरवली. धाकट्याला उभं केलं, त्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत मोजलं आणि तिथे गाठ मारून उरलेली कापून टाकली. म्हणाले, "लांब दोरीचं पोट्टं पुढं पाहते अन् बैल मागं नालीत जाते." चाकं बैलाच्या पोटापेक्षा बाहेर आलेली असावीत, हेही त्यांचंच. अरुंद चाकांचा उंच बैल दिसतो देखणा, पण रस्त्यावर झोकांडी खातो.

किंमतीचं सांगते. सागवानीचे त्यांनी २,२०० सांगितले होते, १,८०० ला दिला. धाकट्याच्या बैलात घासाघीस केली नाही, ४०० म्हणाले, ४०० दिले. त्याच पथारीवर दीडशेचे मुठीएवढे बैल होते आणि मागच्या बाजूला एक कमरेएवढाही होता, त्याची किंमत मी विचारली नाही. बिनरंगाचे बैलही ठेवतात. घरात अजून सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर बिनरंगाचाच घ्या, कुंकू-हळदीनं सजवा, काही बिघडत नाही. रंग ऑइलपेंट असतो आणि ऑगस्टच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. आम्हाला बैल वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, घरी येईपर्यंत पोटाला कागद चिकटला होता. ओल्या फडक्यानं निघाला, पण पोटावर पुसटसं छापील अक्षर राहिलंच आहे. हा या खरेदीतला खरा दोष. शेवटच्या दिवशी जाल तर ओल्या रंगाचेच बैल मिळतील, म्हणून लवकर जा आणि बैल उघडा घेऊन या, गुंडाळू देऊ नका.

माझे बाबा काटोलकडचे. संत्र्याचा बगिचा आहे, आता कामाला ट्रॅक्टर, पण माझ्या लहानपणी गोठ्यात बैलजोडी होती आणि बैलबाजारात बाबांचा शब्द मानला जायचा. पोळ्यासाठी ते आमच्याकडे आले होते. नातीनं बैल समोर ठेवला तर त्यांनी चष्मा लावला, बैल टेबलावर ठेवायला सांगितला आणि खऱ्या बैलासारखा पाहिला. आधी समोरून, मग बाजूनं, मग मागून. म्हणाले, "तोंड लांब अन् अरुंद आहे, कपाळ मागं गेलं आहे. हा गवळाऊ आहे. पण शिंगं याले खिल्लारीची लावली." गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूर भागातली जात, पांढरी, अंगानं सडपातळ, चालीला तेज. मराठ्यांच्या फौजेबरोबर धावायला हेच बैल असत. त्याची शिंगं आखूड आणि बोथट. उंच, टोकदार शिंगं खिल्लारची, ती पश्चिम महाराष्ट्राकडची जात. बाबांचं बरोबर होतं, भाऊंनी शोभेसाठी शिंगं वाढवली होती. पण मुलीला हे ऐकून फार आनंद झाला. "म्हणजे तोंड नागपूरचं आणि शिंगं पुण्याकडची," असं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती. शहर सोडण्याबद्दल ती स्वतःहून बोलली ते तेव्हा पहिल्यांदा. त्याआधी पुण्याचं नाव निघालं की ती गच्चीवर निघून जायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या'. बाबांनी ती लाकडी बैलांची करवून घेतली. धाकट्याचं बोट तुपात बुडवून बैलाच्या वशिंडावर फिरवलं. तुपामुळे रंगावर डाग पडला का, असं कुणी विचारेल तर हो, सागवानी बैलाच्या खांद्यावर पिवळट छटा आली आहे आणि ती जात नाही. मला ती हवी आहे.

आता तान्ह्या पोळ्याचा दिवस. आम्ही हनुमाननगरात राहतो, जुनी लाइन आहे, एकमजली-दुमजली घरं, निम्म्या घरांना अजून अंगण. सकाळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीत नवऱ्याच्या मावशीची गॅलरी आहे म्हणून मुलांना गर्दीत न उतरवता काळी आणि पिवळी दोन्ही दाखवता आल्या. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि 'घेऊन जा गे मारबत' ही हाक खालून उठली की गॅलरीचे गज थरथरतात. धाकट्यानं विचारलं, मारबत आपल्याला पण घेऊन जाते का? नाही, ती फक्त रोगराई नेते, असं मावशींनी समजावलं. एवढंच. मारबतीवर लिहायला बसले तर बैल राहून जातील.

दुपारी मैदानात तोरण. बैल सजवायचं सामान महालातच मिळतं: घुंगरमाळ, बाशिंग, शिंगांना बेगड, जरीची तयार झूल. तयार झूल घेऊ नका. ती चिकट पट्टीनं बसवतात आणि चालताना सरकून चाकात जाते. शेजारच्या आजींनी आमच्या मोठीच्या बैलासाठी आपल्या जुन्या लुगड्याची झूल शिवून दिली होती, हिरवी, लाल काठाची, पोटाखालून दोन नाड्या बांधायच्या. ती जागची हलत नाही. धाकट्याचा बैल इतका लहान की त्याला झुलीऐवजी आजींनी काठाचीच पट्टी पाठीवर टाकून टाका घातला.

मोठीनं स्वतः झडती म्हटली नाही, लाजली, पण हर हर महादेवला सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. बक्षीस मिळालं नाही. मोरपीस लावलेल्या एका मोठ्या बैलाला मिळालं आणि तो खरोखर सुंदर होता.

मग दारोदार. इथे मला जे सांगायचं आहे ते येतं.

त्याआधीचे कितीतरी दिवस आमच्याकडे निरोपाची जेवणं सुरू होती. कुणाकडे वडाभात, कुणाकडे पुडाची वडी, कुणाकडे सावजी. माणसं प्रेमानं बोलावतात, डोळ्यांत पाणी आणून बोलतात, पण ते सगळं मोठ्यांचं आपसात. मुलांना ताट वाढून दुसऱ्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं जातं. निघताना कुणी गाल ओढतं, 'विसरू नको हो आम्हाला' म्हणतं आणि दार लागतं. मुलांच्या वाट्याला निरोप घेण्याची जागाच येत नाही.

बैल घेऊन दारात उभं राहिलं की चित्र उलटं होतं. त्या दिवशी पाहुणं ते मूल असतं. घरातलं मोठं माणूस ताट घेऊन बाहेर येतं, खाली बसतं, बैलाचे पाय धुतं, कुंकू लावतं, मुलाच्या डोळ्यांसमोर आपले डोळे आणून बोलतं. आईवडील मागे फाटकाशी उभे. बोलायचं ते त्या दोघांनीच.

समोरच्या काकूंनी बैलाला ओवाळलं आणि मोठीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येशील ना गं?" मी मागे उभी होते, मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "आम्ही पुण्याला चाललो काकू. पण मी बैल घेऊन येईन." काकूंनी दहाच्या नोटेऐवजी आत जाऊन पन्नासची आणली, आणि मग आपल्या मुलाच्या जुन्या बैलाच्या माळेतलं एक पितळी घुंगरू काढून तिच्या बैलाच्या गळ्यात बांधलं. त्यांचा मुलगा आता बंगळूरला नोकरीला आहे. पुढच्या घरी मोठीनं न विचारता सांगून टाकलं, आम्ही पुण्याला चाललो. त्याच्या पुढच्या घरी धाकट्यानं सांगितलं. मग दोघांची चढाओढ लागली, कुणी आधी सांगायचं याची. टेलरकाकांच्या दुकानात सांगितलं, किराणावाल्या भैयांना सांगितलं, वरच्या माळ्यावर भाड्यानं राहणाऱ्या नर्सिंगच्या ताईंना सांगितलं. त्या ताई भंडाऱ्याच्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी चॉकलेटची अख्खी पिशवी दिली. डबे करणाऱ्या मावशींनी बैलासाठी पुरणाचा गोळा ठेवला होता, तो बैलाच्या तोंडाला लावून धाकट्यानं स्वतः खाल्ला.

जे वाक्य घरात इतके दिवस उच्चारता येत नव्हतं ते मुलांनी एका संध्याकाळी सगळ्या लाइनीला सांगून टाकलं. प्रत्येक दारात कुणीतरी ते नीट ऐकून घेतलं, काहीतरी हातात दिलं आणि डोक्यावर हात ठेवला. मुलांच्या मानसशास्त्रावर मी काही वाचलेलं नाही. पण त्या रात्री मोठी अंथरुणात पुण्याच्या घराला गॅलरी आहे का, असं विचारत होती. हा प्रश्न तिनं आधी कधी विचारला नव्हता.

त्यानंतर बैल घराबाहेर पडले ते पडलेच. आम्ही जाण्याआधी मुलांना एकेक जागा दाखवत होतो आणि प्रत्येक ठिकाणी बैल बरोबर. त्यामुळे चाकांची परीक्षा आपोआप झाली. नागपूरचे सिमेंट रस्ते दिसायला गुळगुळीत आहेत, पण त्यांच्या दोन पट्ट्यांमध्ये जी खाच असते तिच्यात लहान बैलाचं चाक अडकतं. सागवानीची चाकं तीन इंचांची, ती खाच ओलांडून जातात. फुटाळा तलावाच्या काठावर गट्टू आहेत, त्यावर दोन्ही बैल खडखड वाजत जातात आणि धाकट्याला तो आवाज फार आवडतो. टेकडी गणपतीला बैल उचलून न्यावा लागला. झिरो माइलला चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर, कुंपणाबाहेर, धाकट्यानं आपला बैल घोड्यांकडे तोंड करून उभा केला आणि बराच वेळ हलू दिला नाही. मेट्रोत मोठीनं सागवानी बैल मांडीवर घेतला होता. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर गाडी बदलताना एका आजोबांनी बैलाला नमस्कार केला. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नवरा जास्त रमला. तो उमरेडचा, नागपूर-नागभीड छोट्या गाडीनं त्याचं लहानपण गेलं, ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. त्यानं मुलांना डब्यातली लाकडी बाकं दाखवली आणि दोघांना खिडकीशी बसवून काहीबाही सांगत राहिला. बैल बाकाखाली होते.

टिकण्याबद्दल. सागवानीच्या शिंगांच्या टोकांचा आणि पुढच्या खुरांचा रंग उडाला आहे, बाकी बैल ठणठणीत. पावसात भिजल्यावर आस कुरकुरायला लागला होता, खोबरेल तेलाचा थेंब सोडला, थांबला. लाकडाला कुठे तडा नाही. धाकट्याच्या बैलाचं मात्र पहिल्याच आठवड्यात पुढचं एक चाक चिरलं आणि एक कान निखळला. हलकं लाकूड, त्यात मूल चार वर्षांचं. आम्ही तो घेऊन पुन्हा महालात गेलो. पोळा होऊन गेला होता, पथारी उठली होती, पण भाऊंचं घर मागच्या गल्लीत आहे हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांनी चाकात पाचर मारून वर पत्र्याची पट्टी ठोकली, कान फेव्हिकॉलनं बसवून दोरीनं आवळून ठेवला, रात्रभर सोडू नका म्हणाले. पैसे घेतले नाहीत. धाकट्यानं बोजाऱ्यातले दहा रुपये त्यांच्या हातावर ठेवले, ते त्यांनी घेतले आणि कपाळाला लावले. पत्र्याची पट्टी आता धाकट्यासाठी बैलाचा सगळ्यात अभिमानाचा भाग आहे.

म्हणून चार वर्षांच्या मुलासाठीही परवडत असेल तर लहान पण सागवानीच बैल सांगून करून घ्या. भाऊ म्हणाले, राखीच्या आधी सांगितलं तर वीतभर सागवानी सहा-सातशेत करून देतो. हलक्या लाकडाचा बैल एका पोळ्यापुरता ठीक आहे, पण ज्याला पुढे गाव बदलून न्यायचं आहे त्यानं तो घेऊ नये.

नेण्याचं आमचं असं ठरलं आहे. सामानाचा ट्रक समृद्धीवरून जाईल, पण बैल ट्रकमध्ये द्यायला मुलं तयार नाहीत, मीही नाही. १० ऑगस्टला सुरू झालेल्या अजनी-पुणे वंदे भारतनं आम्ही जाणार, बारा तासांचा प्रवास आहे. सागवानीची शिंगं खाचेत बसवलेली आहेत, फिरवली की निघतात, ही सोय घेतानाच पाहून घ्या. शिंगं मोज्यात घालून माझ्या पर्समध्ये, अंगाला आजींची झूल आणि वर सुती ओढणी, झालं. बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, रंग अजून पूर्ण बसलेला नसेल तर प्लास्टिक चिकटतं. धाकट्याचा बैल त्याच्या हातातच राहील, त्यावर चर्चा नाही.

पुण्यात आमची सोसायटी हिंजवडीकडे आहे. घर पाहायला गेलो तेव्हा मोठीनं तिथल्या मुलींना तान्हा पोळा माहीत आहे का विचारलं होतं, त्यांनी ऐकलेलाही नव्हता. सोसायटीत अमरावती आणि यवतमाळची दोन कुटुंबं आहेत, त्यांच्याशी मी फोनवर बोलले आहे. परवा महालात जाऊन पुढच्या वर्षासाठी वीतभर सागवानी सहा बैल सांगून आले, निम्मे पैसे देऊन. भाऊंनी वहीत लिहून घेतलं आणि मोठीला विचारलं, शिंगं कशी लावू? ती म्हणाली, तीन गवळाऊची आखूड, तीन खिल्लारची लांब.